गावपळणीतले फोटो

परदेशातून आमच्या खाडीसाठी पैसे येणार आहेत, हे मी पहिल्यांदा कुडाळच्या एका सभागृहात ऐकलं. आमच्या बचत गटाची मी अध्यक्ष, म्हणून मला बोलावलं होतं. सोबत थोरल्या जावेला घेऊन गेले. पोचल्या पोचल्या प्रत्येकीला एक कापडी पिशवी मिळाली. तिच्यात पाण्याची बाटली, पेन आणि गुळगुळीत कागदावरचं माहितीपत्रक होतं. पिशवी मजबूत आहे, बाजाराला मी अजून तीच नेते. माहितीपत्रकावर एका बाईचा फोटो होता, गुडघाभर पाण्यात कांदळाचं, म्हणजे खारफुटीचं, रोप लावताना. ती बाई आमच्या जिल्ह्यातली नव्हती. आमच्याकडे चिखलात उतरताना कोणी बांगड्या भरून उतरत नाही.

प्रकल्पाचे साहेब घाटावरचे. तरुण, बोलायला गोड, सगळ्यांना ताई-काकी म्हणणारे. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवून समजावलं. श्रीमंत देशांनी वर्षानुवर्षं वारेमाप धूर सोडला, त्यामुळे हवा तापली, समुद्र चढायला लागला, आणि त्याचा त्रास आपल्यासारख्यांना होतोय. म्हणून ते देश एका मोठ्या निधीत पैसे घालतात आणि तो निधी आपल्याकडचे कांदळ, खाड्या, किनारे सांभाळायला येतो.

माझ्या जावेने बसल्या जागेवरून विचारलं, "म्हंजे नुकसानभरपाय?"

"नाही नाही काकी," साहेब हसले. "सहकार्य."

त्या 'नाही नाही'पाशी मी थांबले. भरपाई असती तर ती हक्काने मागता आली असती. सहकार्य म्हटलं की देणाऱ्याची मर्जी आली, आणि मर्जी आली की अटी आल्या. तोवर मला त्यांचं म्हणणं पटत होतं. धूर त्यांचा आणि पाणी आमच्या दारात, यात न पटण्यासारखं काही नाही. पण पटायला लागलं की मी जास्त सावध होते. घरात दोन खोल्या पर्यटकांना देते आणि जेवण करून घालते, एवढा माझा धंदा. त्यात एक शिकले. दर न विचारता पैसे पुढे करणारं गिऱ्हाईक गेलं की आधी टॉवेल मोजावे.

शेजारच्या गावात असाच एक प्रकल्प येऊन गेला होता. खाडीत जाळ्या ठोकून खेकडे पाळायचे होते. खेकडे एका पावसात निघून गेले. बोर्ड मात्र अजून उभा आहे, निळ्या अक्षरांत 'शाश्वत उपजीविका'. जाळ्या बायकांनी काढून आणल्या आणि परसात कोंबड्यांनी मिरच्या उकरू नयेत म्हणून लावल्या. त्या कामाला त्या उत्तम आहेत.

तरी मी नाव नोंदवलं, कारण माझ्या जावेला बंधारा हवा होता.

ती विधवा. मुलगा गोव्यात हॉटेलात कामाला. तिचं घर आमच्या वाडीतलं शेवटचं, त्याच्या पलीकडे तिचं भाताचं खाजण आणि खाजणाच्या पलीकडे खाडी. मधला मातीचा बंधारा खारं पाणी अडवतो. तो दोन ठिकाणी खचला होता, पाणी सोडायची लाकडी झडप सडली होती. अमावास्या-पुनवेच्या भरतीला पाणी आत यायचं आणि ओहोटीला सगळंच्या सगळं परत जायचं नाही. खाजणाच्या कडेला माती पांढरी पडायला लागली होती. तालुक्याला अर्ज झाले, जिल्ह्याला झाले. प्रत्येक ठिकाणी साहेब लोक म्हणाले, योग्य मागणी आहे. आता हा निधी आला तर बंधारा होईल, असं प्रकल्पाच्या साहेबांनी तिला तोंडी सांगितलं होतं. ती त्यांच्यासाठी दर वेळी कोकमं बांधून द्यायची. मला ते आवडायचं नाही, पण कोकमं तिची होती.

दिवाळीनंतर साहेबांचा फोन आला. निधीच्या मुख्य कचेरीतून एक परदेशी मॅडम पाहणीला येणार होत्या. तारीख ऐकली आणि मी म्हटलं, "साहेब, त्या दिवशी गाव नसेल. गावपळण आहे."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या गावात काही वर्षांनी एकदा, ग्रामदेवाने कौल दिला की, सगळा गाव वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. तीन रात्री बाहेर काढायच्या. गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, आत कोणी पाऊल टाकत नाही. चौथ्या सकाळी पुन्हा कौल घेतात, देवाने होकार दिला की घरी यायचं. का करतात, याची कारणं प्रत्येकजण वेगळी सांगतो. म्हातारे सांगतात, त्या दिवसांत गावात दुसरं कोणीतरी राहायला येतं. शहरातले लोक येऊन सांगतात, तुमच्या पूर्वजांना पर्यावरण कळत होतं, गावाला विश्रांती मिळते. गावाला मिळत असेल. बायकांना मिळत नाही. घरातली भांडी आधी बाहेर न्यायची, मग आत आणायची, शिवाय मधले दिवस झावळ्यांच्या झोपडीत तीन दगडांवर रांधायचं. पण मजा येते, हे खोटं का बोला. भजनं, फुगड्या, एकमेकींच्या झोपडीत जेवणं. गोव्या-मुंबईची मुलं रजा काढून येतात.

हे सगळं मी साहेबांना फोनवर सांगितलं आणि म्हटलं, पुढच्या आठवड्यात आणा त्यांना.

त्यांनी पानं चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "नको ताई, तारीख बदलता येणार नाही. आणि तसं बघायला गेलं तर उलट बरंच आहे."

"बरं कसं? गावात येता येणार नाही, बंधारा दाखवता येणार नाही."

"बघू या," म्हणाले आणि फोन ठेवला.

ते 'उलट बरंच' माझ्या डोक्यात माशाच्या काट्यासारखं राहिलं. भाताचा घास गिळून काटा जातो म्हणतात. हा गेला नाही.

आमच्या हद्दीवर एक व्हाळ आहे, ओढ्याएवढा, त्याच्यावर ये-जा करायला साकव. साकवापलीकडे शेजारच्या गावाचा माळ. तिथे आमच्या झोपड्या होत्या. पावसाळा संपून बरेच दिवस झाले होते, माळावरचं गवत सोनेरी झालं होतं. तिथून आमचं गाव दिसतं. माडांच्या मधून कौलं दिसतात, माझ्या जावेच्या घराची तर सगळ्यात आधी. जेमतेम हाकेच्या अंतरावर आपलं घर आणि तिथे जायचं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली. साहेब, एक फोटोग्राफर आणि त्या मॅडम. उंच, वय माझ्याएवढंच असावं, चेहरा उन्हाने लाल झालेला, पायांत चांगले दणकट बूट. बूट बघून मला जरा बरं वाटलं. सँडल घालून खाडी बघायला येणारी माणसं बोर्डाजवळूनच परत जातात.

माझी जाऊ त्या वेळी पळालेली तलंग धरून आणत होती. कोंबडी काखेत, पदर खोचलेला, केस विस्कटलेले. फोटोग्राफरने लगेच तिचे फोटो काढले. मग झोपडीचे, तीन दगडांच्या चुलीचे, गोणपाटावर पालथ्या घातलेल्या भांड्यांचे, साकवाचे आणि साकवापलीकडच्या रिकाम्या गावाचे. साहेब मॅडमना इंग्रजीत सांगत होते. माझं इंग्रजी खोल्यांपुरतं. ब्रेकफास्ट, हॉट वॉटर, चेकआउट, फिश फ्रेश. साहेबांच्या बोलण्यातले दोन-तीन शब्द कळले. समुद्र कळला. घर कळलं. हात त्यांनी गावाकडे केला आणि मग माळाकडे केला.

मॅडम माझ्या जावेजवळ आल्या. त्यांनी तिचा मोकळा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे डोळे भरून आले होते. त्या म्हणाल्या, "सॉरी. सो सॉरी."

जावेने माझ्याकडे बघितलं. "ही रडता कित्याक गो? कोण गेला काय?"

"माका काय म्हायत?"

"इचार तिका. आणि तोपर्यंत ही तलंग धर, माझो हात तिच्याकडे आसा."

मी कोंबडी घेतली. पण मला कळलं होतं. गावपळणीला आलेल्या माणसाकडे बघून कोणी रडत नाही. लोक हसतात, फोटो काढतात, वडे खाऊन जातात. रडायचं असेल तर त्या बाईला काहीतरी वेगळं सांगितलेलं होतं.

मी साहेबांना बाजूला घेतलं. "ह्यांना गावपळण सांगितलीत ना?"

"सांगितली ना ताई. परंपरा, संस्कृती, सगळं सांगितलं."

"मग त्या रडतात का?"

"हळव्या आहेत."

साहेबांचा फोन वाजला. माळावर रेंज नसते, एखादी रिंग येते आणि जाते. ते काजूंच्या चढावर गेले. मी तेवढ्यात मॅडमना गाठलं. गावाकडे बोट केलं, तीन बोटं दाखवली आणि म्हटलं, "थ्री डेज. देन गॉड से, गो होम."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा आणखीच पडला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मान डोलवली. थोपटल्यासारखं केलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी खरं बोलले आणि खोट्याला आणखी मजबुती दिली. त्यांना वाटलं असणार, बिचारी, देव घरी पाठवील म्हणून आशेवर बसली आहे.

पुन्हा सांगून उपयोग नव्हता. माझ्या इंग्रजीत जितकं जास्त बोलले असते तितकी मी जास्त बिचारी झाले असते. सांगून कळणार नसेल तर दाखवायला हवं. आणि दाखवायचं तर त्या बाई दुसऱ्या सकाळी तिथे असायला हव्या होत्या. मी माझ्या धंद्याचं इंग्रजी काढलं. "टुमारो, ब्रेकफास्ट. हिअर. घावणे, कोकोनट, व्हेरी फ्रेश. सेव्हन. यू कम." आणि होय म्हणेपर्यंत त्यांचा हात सोडला नाही.

साहेब परत आले तेव्हा मॅडमनी त्यांना सांगितलं. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "ताई, सकाळी आम्हाला गोव्याहून विमान पकडायचंय."

"विमान उपाशी पकडायचं नसतं," मी म्हटलं. "आणि पाहुण्यांनी हो म्हटलंय."

संध्याकाळी झोपडीसमोर बसून मी जावेला माझा संशय सांगितला. सरपंचही तिथे होते. मी म्हटलं, हा माणूस आपल्याला समुद्राने उठवलेलं गाव म्हणून दाखवतोय. तुझा कोंबडी घेतलेला फोटो कुठल्यातरी परदेशातल्या भिंतीवर लागेल आणि खाली लिहितील, घर सोडून पळालेली बाई.

सरपंच तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेत म्हणाले, "लिवंदेत गो. आमच्या बापाचा काय जाता? पैसे येतत तर येवंदेत."

"पैसे कोणाच्या नावाने येतायत ते बघा. उठलेल्या गावाच्या नावाने. उद्या कोणी म्हटलं, हे लोक तर मागेच उठून गेले, किनाऱ्याची जागा मोकळी आहे, तर? तुम्ही काय दाखवणार? घरपट्टी?"

"तुका सगळ्यात काळाच दिसता," जाऊ म्हणाली. ती चुलीत काटक्या सारत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "कागदार उठयल्यानी तर उठयल्यानी. पाणी थांबतला मां? माका बंधारो व्हयो. माझा भात खारान मरता, कागदान नाय."

"कागदार उठलेलो माणूस परत बसणा नाय, वयनी."

"तुझा घर वर आसा," ती म्हणाली. "तुका कागदाची काळजी करूक येळ आसा."

माझं घर वाडीच्या वरच्या अंगाला आहे. भरतीचं पाणी तिथवर येत नाही. ती म्हणत होती ते खरं होतं, आणि तरीही मी थांबणार नव्हते. घर तिचं होतं, पण गाव एकटीचं नव्हतं. सरपंचांनी जाता जाता मला बजावलं, "सकाळी त्या बाईक घावणे घाल आणि गप बस." मी हो म्हटलं. घावणे घालणारच होते.

सकाळी मानकरी मंडळी आणि पुजारी कौल घ्यायला देवळात गेले. त्या वेळी गावात जायची मुभा फक्त त्यांनाच. देवाच्या अंगावर पाकळ्या लावतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर आणखी एक रात्र बाहेर. होकार झाला की देवळात नौबत वाजते आणि ती ऐकून गाव उठतो.

मॅडम सातला आल्या. साहेबांनी गाडीच्या ड्रायव्हरला खाली उतरू दिलं नाही. मी बिडाचा तवा ठेवला आणि घावणे घालायला लागले. पहिला, दुसरा, तिसरा. मॅडमना आवडले. नारळाचा रस वाटीने मागून घेतला. नौबत वाजेना.

साहेब घड्याळ बघत होते. मी त्यांच्याही ताटात वाढत होते. मॅडम मुलांचे खेळ बघायला जरा पुढे गेल्या तेव्हा ते खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, "ताई, तुम्ही माझ्यावर उगाच संशय घेताय. मी एक शब्द खोटा बोललेलो नाही. गाव बाहेर आहे का? आहे. समुद्र चढतोय का? चढतोय. मी दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवली, इतकंच."

"आणि मधलं वाक्य?"

"मधलं वाक्य मंजुरीच्या कामाचं नाही. मोडक्या बंधाऱ्याला पैसे मिळत नाहीत ताई. मोडके बंधारे जगात ढिगाने आहेत. उठलेल्या गावाला मिळतात. मी तुमच्याच काकींसाठी करतोय."

मला वाटतं, ते त्यांच्यापुरतं खरंही असेल. त्यांचा पगार त्याच प्रकल्पातून होत होता हेही तितकंच खरं. मी तव्यावर झाकण ठेवलं. पीठ संपत आलं होतं. सरपंच लांबून माझ्याकडे बघत होते. देवाने आज डावी पाकळी टाकली तर मॅडम विमानात बसणार आणि आम्ही माळावर बसणार, कायमचे. देवावर माझी श्रद्धा बेताची आहे. त्या दिवशी मात्र मी मनातल्या मनात त्याला बरंच सुनावलं.

शेवटचा घावणा तव्यावर होता तेव्हा नौबत वाजली.

पुढे जे झालं ते मला कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. सगळा माळ एकदम उठला. मुलं ओरडत साकवाकडे धावली. गुरं सुटली. बायकांनी पातेली डोक्यावर घेतली, कुत्री सगळ्यांच्या पुढे. जाऊ एका हातात कोंबडीची टोपली आणि दुसऱ्या हातात कळशी घेऊन निघाली, मॅडमच्या शेजारून जाताना थांबली आणि कळशी त्यांच्या हातात दिली. "धर गो बाय. बेगीन चल."

मॅडमनी कळशी घेतली. काय करणार? पाठून गाव येत होता. त्या साकवावरून आमच्याबरोबर आल्या. साहेब मागून हाका मारत होते, पण त्यांना पुढे यायला वाट नव्हती, मध्ये म्हशी होत्या.

जावेने घराची कडी काढली. दार उघडलं, आत बंद घराचा वास होता. तिने केरसुणी घेऊन उंबरठा झाडला, पडवीत पाट मांडला आणि मॅडमना बसायला खूण केली. मग आत जाऊन चूल पेटवली. कौलांतून धूर निघाला. आजूबाजूच्या घरांतूनही निघत होता. मॅडम पाटावर बसल्या नाहीत. उभ्या राहून त्या धुरांकडे बघत होत्या, मग भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे, मग वायरवर वाळत टाकलेल्या, चार दिवसांत कडक झालेल्या परकराकडे. साहेब धापा टाकत आले तेव्हा मॅडमनी त्यांना एक प्रश्न विचारला. छोटा होता. साहेबांचं उत्तर लांब होतं.

तेवढ्यात जाऊ बाहेर आली. तिला आमच्या भानगडीत रस नव्हता. तिने मॅडमचा दंड धरला आणि त्यांना घरामागे बंधाऱ्यावर नेलं. खचलेली जागा दाखवली. सडक्या झडपेत हात घालून फळीचा तुकडा काढून दाखवला. खाली उतरून खाजणाची पांढरी माती उचलली आणि मॅडमच्या तळहातावर ठेवली. मग स्वतःच्या जिभेला बोट लावून तोंड वाकडं केलं. मॅडमनीही बोट लावून चाखलं. त्यांनी साहेबांना बोलावलं नाही. स्वतःच्या फोनवर फोटो काढले, बंधाऱ्याचे, झडपेचे, तळहातावरच्या मातीचे. त्या फोटोंत माणूस एकही नव्हता.

मग त्या गेल्या. जाताना त्यांनी मला मिठी मारली. मी ती घेतली, पण तिचा अर्थ लावला नाही. आदल्या दिवशीचं त्यांच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं असं मला वाटतं, पण खऱ्या पाण्यावरही मंजुऱ्या होतात.

शिमग्याच्या आधी साहेबांचा फोन आला. त्यांचा आवाज आता गोड नव्हता. विस्थापित गावांच्या यादीतून आमचं नाव गेलं होतं. बंधाऱ्याचा प्रस्ताव वेगळ्या सदरात नव्याने करावा लागणार होता. ते सदर लहान होतं आणि त्याला रांग होती. "तुम्ही स्वतःच्या हाताने घालवलंत, ताई," ते म्हणाले. मी विचारलं, नव्या कागदात आमच्याबद्दल काय लिहिलंय. ते म्हणाले, पाठवतो. पाठवला नाही. तीनदा मागितला तेव्हा आला.

गावात मला जे बोलायचं ते बोलून झालं. दुकानावर गेले की सरपंच विचारायचे, "काय अध्यक्षीणबाय, आणि कोणाक घावणे घातलास?" ग्रामसभेत एकाने सुचवलं, पुढच्या वेळी मुख्यमंत्र्यांना घावण्यांवर बोलवा, म्हणजे उरलंसुरलंही जाईल. मी त्यांना म्हटलं, या सगळ्यांनी, बंधाऱ्यावर माती टाकू या. आले, पण अर्धे. रेतीच्या गोणी रचल्या, झडपेला फळी ठोकली. श्रावणातल्या अमावास्येच्या उधाणाला एक जागा टिकली, दुसरी टिकली नाही. जावेच्या खाजणाचा खालचा तुकडा गेला आणि तिच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं.

त्या दिवसापासून ती पाण्याला माझ्या विहिरीवर यायला लागली. तिचं घर खालच्या अंगाला, माझं वर. दोन कळशा घेऊन चढ चढायची. माझ्याशी बोलायची नाही. मी पडवीत बसून भाजी निवडत असले तरी सरळ विहिरीवर जायची, पाणी काढायची आणि निघायची. मी विहिरीवर पंप बसवलाय, पण तिने कधी बटण दाबलं नाही. रहाटाने काढायची, मला ऐकू जाईल अशी. मी म्हटलं, ऐकू येऊ दे. तिला पाणी हवं होतं, आणि मला ती तिच्याच घरातून चालत येताना दिसायला हवी होती.

गणपती झाल्यावर एका सकाळी तिने कळशी विहिरीच्या काठावर ठेवली आणि पाठमोऱ्यानेच विचारलं, "त्या नव्या कागदात काय लिवल्यानी आसा?"

"आमी हयच रवतंव म्हणान. आणि बंधारो मोडलो म्हणान."

"तू वाचलंस?"

"इंग्रजीत आसा. माका सगळा कळना नाय. कॉलेजच्या मास्तरांकडसून वाचून घेतलंय, आणि बँकेतल्या बायेकडसूनय."

"दोघांनी एकच सांगल्यानी?"

"एकच."

तिने कळशी कमरेवर घेतली. मग वळून पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"मगे दोघांचा आदीच ठरलेला असताला," ती म्हणाली. "तिसऱ्याक इचार."